उकिरड्याला विचारा

बाई, आमचं गाव या मे महिन्यात पाण्याबाहेर आलं. तुम्ही असता तर मी सगळ्यांत आधी तुमच्याकडे धावत आले असते, भोरच्या त्या दोन खोल्यांत, आणि दारातूनच ओरडून सांगितलं असतं. तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली, आता माझ्याच डोक्यावर काळ्यापेक्षा पांढरं जास्त आहे. तरी धरणाचा तळ उघडा पडल्याचं भावाने फोनवर सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर आधी तुम्ही आलात आणि तुमच्या मागोमाग तो इजिप्तवाला. तुम्हा दोघांना वेगवेगळं आठवणं मला कधी जमलेलंच नाही. त्या तळात जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून भर दुपारी लिहायला बसले आहे. या वेळेला विंझरमध्ये कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, गिऱ्हाईक कुठून येणार.

आठवीत मी तुमच्या वर्गात आले तेव्हा हिर्डोशीकडच्या डोंगरातली, 'न्हाई' आणि 'व्हय' म्हणणारी मुलगी होते. उत्रोलीला आत्याकडे राहायचे आणि तिथून चालत भोरला शाळेत यायचे. इतिहास म्हणजे कोण कोणाच्या नंतर गादीवर बसला एवढंच मला माहीत होतं, आणि तेही धड पाठ होत नव्हतं. एक दिवस तुम्ही पुस्तक मिटलंत, टेबलाच्या कडेला टेकलात आणि म्हणालात, "आज एका माणसाची गोष्ट सांगते. त्यानं आयुष्यात एकही लढाई केली नाही." मागच्या बाकावरून कोणीतरी त्याचं नाव विचारलं. तुम्ही मान हलवलीत. "नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही ते परीक्षेपुरतं पाठ करता आणि माणसाला विसरता." मग आम्हीच त्याला इजिप्तवाला म्हणायला लागलो. वर्गात कोणाचा मामा पोलिसात होता, कोणाचा काका एसटीत कंडक्टर होता, आणि आमच्या बाईंचा इजिप्तवाला होता. मला तर कितीतरी दिवस तो तुमचा लांबचा नातेवाईकच वाटायचा, इतक्या हक्कानं तुम्ही त्याच्याबद्दल बोलायचात.

तो लहानपणी सारखा आजारी असायचा. शाळेत जाणं नाही, आईनं घरीच शिकवलं, आणि बरं वाटलं की वडिलांबरोबर जुनी दगडी बांधकामं मोजत हिंडायचा. एकदा त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी जमिनीत गाडलेलं जुनं घर कसं खणून काढलं ते रंगवून सांगितलं, तर हे एवढंसं पोर संतापलं. कुदळीनं कसं काढलं? माती थराथरानं, अलगद काढायची असते, कशाच्या शेजारी काय पडलंय ते बघायचं असतं! हे सांगताना तुमचाच आवाज इतका चढायचा की ती कुदळ आमच्यापैकीच कोणीतरी चालवली असावी असं वाटायचं. पुढं तो मोठा झाला आणि बोटीत बसून इजिप्तला गेला, पिरॅमिड मोजायला. राहायला त्यानं काय निवडलं, तर खडकात कोरलेलं एक रिकामं थडगं. त्याला फळ्यांचं दार केलं, आत एक खाट टाकली, एक दिवा ठेवला, झाला संसार. पिरॅमिडच्या आत इतका उकाडा की तो अंगावर नावापुरते कपडे ठेवून मोजमापं घ्यायचा, आणि हिंडाफिरायला आलेल्या मडमा त्याला त्या अवतारात पाहून किंचाळत पळायच्या. यावर सगळा वर्ग हसून लोळायचा. तुम्ही पण हसायचात, फक्त पदर तोंडाला लावून.

पण पुढचं ऐकताना कोणी हसत नसे. त्याच्या आधी तिथं गेलेले लोक सुरुंग लावून थडगी फोडायचे. त्यांना सोनं हवं होतं, मूर्ती हव्या होत्या. मडक्यांचे तुकडे, मणी, चिंध्या, जळलेले दाणे हे सगळं ते तुडवून बाहेर फेकायचे. आणि हा एकटा त्या फेकलेल्या ढिगाऱ्यात उकिडवा बसून खापरं निवडतोय, रोज, उन्हात, डब्यातलं शिळंपाकं खाऊन. लोक त्याची टर उडवतात आणि तो तिकडं लक्षही देत नाही. बाई, खडू हातात तसाच धरून तुम्ही खिडकीकडं बघत म्हणायचात, "राजाचा मोठा दगड राजाला हवं तेवढंच बोलतो. खरं ऐकायचं असेल तर उकिरड्याला विचारा." आमच्या घरामागंही उकिरडा होता. त्याला कधी काही विचारावं असं आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. रविवारी आम्हा दोघीतिघींना तुम्ही चहाला बोलवायचात. पितळी डबे ओळीनं मांडलेले, स्टोव्हचा भुर्र आवाज, भिंतीला टेकवलेला पाट. त्या दिवशी चहा ओतताना तुमच्या हातून कप निसटला आणि फरशीवर फुटला. मी केरसुणी आणायला वळते तोच तुम्ही ओरडलात, "थांब! कोणी हलू नका!" आम्ही आहे तिथं खांबासारख्या उभ्या. मग तुम्ही स्वतःच फरशीवर बसलात आणि आम्हाला बसवलंत. सांगा, कपात चहा होता की रिकामा होता? पडताना कोणती बाजू आधी टेकली? कान कुठं उडाला आणि तिकडंच का उडाला? आम्ही रांगत, वाकत, एकमेकींच्या डोक्यावर डोकी आपटत उत्तरं शोधतोय आणि मागं स्टोव्हवर दूध उतू जातंय. दुधाचा वास सुटला तेव्हा कुठं तुम्ही भानावर आलात. "जाऊ दे," म्हणालात, "त्याच्याही स्वयंपाकाची अशीच बोंब असायची." इतका आनंदी चेहरा मी त्याआधी कोणा मोठ्या माणसाचा पाहिला नव्हता.

आणि तुमचं रागावणंही आठवतं. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. नाचणीच्या वावरात मला मातीतून वर आलेला एक पिवळा मणी दिसला, जुना, मधे भोक पडलेला. मी तो रुमालात बांधून हिर्डोशीहून भोरपर्यंत एसटीत हातात धरून आणला. तुम्हाला देताना माझी छाती नुसती फुलली होती. तुम्ही तो उजेडाकडं धरलात, डोळे चमकले, आणि मग विचारलंत, "कुठं होता? किती खोल? शेजारी काय होतं?" वावरात होता, एवढंच मला ठाऊक. तुम्ही मणी माझ्या हातावर परत ठेवलात. "तू त्याला मुका करून आणलंस. जागेवर होता तोवर तो काहीतरी सांगत होता. आता तो नुसता मणी." मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत, पण जाताना हातावर गूळशेंगदाणे ठेवलेत. उचलायच्या आधी बघायचं आणि बघून झाल्याशिवाय काही म्हणजे काही हलवायचं नाही, ही शिस्त त्या दिवसापासून माझ्या हाडात शिरली. आजही दुकानात बरणी पडली तर मी आधी नुसती बघत उभी राहते, आणि आमचे हे कपाळाला हात लावतात.

बाई, त्याच्या सगळ्या कामांत मला भारून टाकलं ते मडक्यांच्या कानांनी. त्याला अशी थडगी सापडली की तिथं अक्षर म्हणून कोरलेलं नाही. राजा कोण, साल कोणतं, काही पत्ता नाही. आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, सांगणार कोण? प्रत्येकात मडकी तेवढी होती. त्यानं ती समोर मांडली आणि बघत बसला. काहींना धरायला दोन्ही अंगांना जाड, नागमोडी कान होते. काहींचे कान तसेच, पण इतके बारके की धरता येऊ नयेत. आणि काहींना कानच नव्हते, त्या जागी नुसती एक नागमोडी रेघ ओढलेली होती. तुम्ही फळ्यावर तिन्ही काढून दाखवलीत. "कामाची वस्तू आधी येते. मग तिचं काम संपतं आणि नुसती आठवण राहते. कंडक्टरच्या खांद्यावरची पट्टी बघा, तिच्यात कधीतरी पट्टा अडकवत असतील, आता नुसती शोभेला आहे." त्या एका रेघेवरून त्यानं ओळखलं की काळ कुठून कुठं गेला. ज्या माणसांचं नाव जगात कोणालाच माहीत नाही त्यांना त्यानं खापरांच्या आधारानं रांगेत उभं केलं, आजोबा आधी, नातू नंतर. त्या संध्याकाळी मी आत्याकडे गेले आणि माठ, तवली, पाण्याचा रांजण असं एकेक हात लावून बघत बसले. आत्याला वाटलं पोरीला नजर लागली.

तो म्हातारा होऊन दवाखान्यात पडला तेव्हाही येणाऱ्या-जाणाऱ्याशी मडक्यांबद्दलच बोलायचा, असं तुम्ही सांगितलं होतंत. मागं एकदा मी मोबाईलवर त्याला शोधलं. थडग्यात राहणारा सापडला, खापरं मांडणारा सापडला, दवाखान्यातलाही सापडला, पण तुम्ही सांगितलेलं सगळंच्या सगळं एका माणसात काही बसेना. तुम्ही दोघातिघांची आयुष्यं एकत्र कालवली असणार, आणि चवीपुरतं मीठ स्वतःच्या पदरचं घातलं असणार. मला त्याचा जराही राग आला नाही. मी मोबाईल बंद केला आणि तुमचाच इजिप्तवाला ठेवून घेतला.

दहावीनंतर तुम्ही मला एक ब्रश दिलात, चित्रकलेचा, मऊ केसांचा, लाकडी दांड्याचा. इतर बाईंनी कुणाला पेन दिलं, कुणाला ओढणी दिली, आणि मला ब्रश. "माती झाडायला," एवढंच म्हणालात. तुम्हाला माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळत होतं. ते झालं नाही. लग्न झालं, वेल्ह्याच्या रस्त्याला विंझरला आले, दुकान आलं, मुलं आली. ब्रश मी देवघराच्या खणात ठेवला आणि इतकी वर्षं तो गौरीचे मुखवटे झाडण्याच्या कामी आला. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हालाही वाटलं नसतं असं मला उगाच वाटतं.

गाव उठत होतं त्या सुमाराला मी तुम्हाला शेवटची भेटले. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, हात काडीसारखे झाले होते. विचारलंत, "सगळं नेलंत का?" मी म्हटलं, दारं नेली, खिडक्या नेल्या, कौलं नेली, देवळाचे तर दगड न् दगड टेम्पोत घालून नव्या गावठाणात नेले. "आणि उकिरडा?" मी हसले. उकिरडा कोण नेतंय! तुम्ही पण हसलात, खोकला येईपर्यंत. "मग ठीक आहे. तो पाण्याखाली नीट राहील. एकदा आगीत भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही, लक्षात ठेव." त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात आणि पाठोपाठ आलेल्या पावसात आमच्या गावावर पाणी चढलं.

आता आईचं सांगते. माझी आई घाटाखालची, महाडकडची. वरंधा घाट चढून ती आमच्या गावात नांदायला आली आणि आल्या आल्या तिनं स्वतःच्या हातानं चूल घातली. आमच्याकडं घर कायमचं सोडताना घरची बाई चुलीवर दूध शिंपडते, हळदकुंकू वाहते आणि 'येते' म्हणते. चूल ही माणसाला खाऊ घालणारी, तिला न सांगता जायचं नसतं. गाव हललं त्याच दिवसांत घाटाखाली मामा वारला. आई भावाच्या दहाव्या-तेराव्यासाठी तिकडं थांबली, आणि ती परत आली तेव्हा घराची कौलं उतरली होती, माणसं नव्या गावठाणात गेली होती आणि वाटेवर पाणी आलं होतं. तिचं राहूनच गेलं. कधी बोलली नाही. पण या हिवाळ्यात ती आजारातून उठली आणि तेव्हापासून एकच धोशा लावला, "मला येकदा माज्या चुलीपाशी न्या. तिला म्या तशीच टाकून आले. तिला सांगितल्याबिगर मला जाता याचं न्हाई." जाता याचं न्हाई म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. उन्हाळ्यात पाणी दरवर्षीच उतरतं, पण आमच्या आळीपर्यंत कधी उतरलं नव्हतं. यंदा उतरलं. आणि पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा आईच्या बाबतीत कोणालाच नव्हता.

आम्ही सकाळीच निघालो. भावानं टेम्पो काढला, आईला पुढं बसवलं, मी दुधाची बाटली आणि हळदकुंकवाची पुडी घेतली, आणि का कोण जाणे, ब्रशही घेतला. वर डोंगरउतारावर अजून राहणारा, शेळ्या राखणारा आमचा चुलतभाऊ वाट दाखवायला आला. तळाशी टेम्पो जाईना, तेव्हा त्या दोघांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. भेगाळलेल्या चिखलावरून वरात निघाली. आई वरून हुकूम सोडतेय, "हळू रं, मला पाडून हितंच पुरताय का काय!" मी बघतेय तर सगळीकडं एकच करडा सपाट तळ, मधे मधे दगडांच्या ओळी. जिथं मी जन्मले, चालायला शिकले, तिथली एक जागा मला ओळखू येईना.

चुलतभाऊ मात्र सरळ एका मोठ्या चौथऱ्यापाशी गेला. अख्ख्या तळात तेवढाच उठून दिसत होता. "ह्ये आपलं देऊळ. देवळाच्या डाव्या अंगाला आपली आळी. सोप्पं हाय." तो पुढं गेला, काठीनं गाळ उकरला आणि ओरडला, चूल सापडली! खरंच होती, लाल भाजलेली माती, तिला लागून दगड. आम्हाला केवढं हायसं वाटलं. मी बाटलीचं झाकण उघडलं. आईला खाली बसवलं. तिनं चुलीवरनं हात फिरवला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हात मागं घेतला.

"ही माजी न्हवं."

"आगं काकी, समद्या चुली सारख्याच," चुलतभाऊ म्हणाला. "ऊन वर आलंय. शिंपड दूध आन् चल."

"आसं तुज्या बायकूला सांग, तिच्या चुलीबद्दल," आई म्हणाली. "माज्या चुलीचं तोंड गोठ्याकडं हुतं, म्हशीवर नजर ऱ्हावी म्हनून. हिचं दाराकडं हाय. दुसरीच्या चुलीला म्या कशाला येते म्हनू?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, की म्हातारी विसरली असेल. आईचा चेहरा एवढासा झाला होता. एवढ्या वर्षांनी, एवढ्या खटपटीनं आलो आणि आता रिकामं परतायचं. मी चिडून त्या चौथऱ्याकडं पाहिलं, आणि बाई, तुमचा आवाज आला. राजाचा मोठा दगड. देवळाचे तर दगड न् दगड आम्ही टेम्पोतून नेले होते! मग इथं देवळाचा चौथरा राहील कसा? मी तसं बोलून दाखवलं तेव्हा चुलतभाऊ डोकं खाजवायला लागला. "मंग ही चावडी म्हनायची का?" चावडीच होती. आम्ही सगळेच्या सगळे उठून दिसणाऱ्या दगडापाशी जाऊन उभे राहिलो होतो आणि तिथून घरं मोजत होतो, दिशाच उलटी धरून.

मी आईपाशी बसले. म्हटलं, "आई, तू घरामागं अशी काय गोष्ट टाकायचीस, जी गावात दुसरं कोणीच टाकत नव्हतं?" ती आधी "काय टाकनार, राख आन् शेण" म्हणाली. मग एकदम तिला काहीतरी आठवलं. चुलतभावाकडं बघून मला खुणावलं, "ह्याला लांब पाठीव." तो लांब गेला तरी तिनं आवाज खाली आणला. "तुज्या आजाला कळंल म्हनून कुनाला बोलले न्हाई. तिसऱ्या."

खाडीतल्या तिसऱ्या! आमचं घर माळकरी, आजोबांच्या समोर अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. आणि मामा घाटाखालून भेटायला यायचा तेव्हा ओल्या फडक्यात बांधून बहिणीसाठी तिसऱ्या आणायचा. ती गोठ्यामागं तीन दगड मांडून, घाटाखालच्याच तांबड्या मडक्यात त्या शिजवायची आणि शिंपले तिथंच खड्डा करून पुरायची. "सासू म्हनायची, गोठ्याकडनं कसला गं वास येतोय? म्या म्हनायचे, म्हशीला बरं न्हाई." आई आता हसायलाच लागली. "आन् येक दिस सासूच यून बसली माज्याशेजारी. म्हनली, बघू गं म्हशीला काय झालंय. निम्म्या तिनंच खाल्ल्या." माझी करारी, तुळशीमाळ घातलेली आजी! बाई, मी त्या तळात हसत बसले आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढी वर्षं या दोघींनी हे पोटात ठेवलं आणि माती ते जपून बसली होती.

चावडीवरून आता दिशा सरळ लागली. मी आळीच्या मागच्या अंगानं वाकून चालत निघाले. शिंपले दिसले की चुलतभाऊ लांबूनच ओरडायचा, नदीचे हायेत ते, सगळीकडं पडल्यात. खरं होतं, नदीचे होतेच, पातळ, बोटात धरले की पापुद्रे सुटणारे. मी बघत राहिले. आणि एका जागी, फुटक्या दगडाच्या आडोशाला, ते दिसले. जाड, घट्ट, पाठीवर फिकट झालेली नक्षी अजून टिकून असलेले, एकावर एक, मूठमूठभर. मी हात लावला नाही. ब्रशनं माती झाडली. शिंपल्यांच्या शेजारी तांबड्या मडक्याचा तुकडा वर आला, बाहेरून काजळी धरलेला. कोकणातली खाडी आमच्या डोंगरात येऊन पडली होती आणि तिला तिथं कोणी आणलं ते जगात आता आईला आणि मला, दोघींनाच माहीत होतं. मी तिथं उकिडवी बसले होते, डोक्यावर ऊन, हातात तुमचा ब्रश. तुमचा इजिप्तवाला त्या ढिगाऱ्यात इतकी वर्षं का बसून राहिला ते मला तेव्हा कळलं. मरून गेलेलं माणूस समोर येऊन बोलतं, बाई. खरंच बोलतं. मामाचा हसरा आवाज मला तिथं ऐकू आला.

तिथून पुढं काही शोधावं लागलं नाही. आई खुर्चीतून हात करत सांगत गेली, हा गोठा, ही मागली पडवी, हितं जातं, आता फिर. मी गाळ झाडला. लाल माती निघाली, गोल, घट्ट, गोठ्याकडं तोंड केलेली. एका कडेला लिंपणाचा तुकडा तसाच होता आणि त्यावर बोटांच्या चार रेघा. आई खाली बसली. तिनं स्वतःची बोटं त्या रेघांवर ठेवली. बोटं आता वाकडी झालीत, रेघांत नीट बसेनात, तरी ठेवून राहिली. मग तिनं दूध शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि आम्ही कोणी तिथं नसल्यासारखी बोलली, "लई वर्सं तुला उपाशी ठिवली गं. भाऊ गेला तवा म्या हितं न्हवते. रागावू नगंस. येते आता." चुलतभावानं टोपी काढली होती. भाऊ पाण्याकडं तोंड करून उभा होता. मला तर वाटलं, मोठमोठी सोन्याची दालनं उघडणाऱ्यांनाही याहून मोठं काही दिसलं नसेल. आणि हे मला दिसलं ते तुमच्यामुळं, तुम्ही एका दुपारी पुस्तक मिटलंत म्हणून.

आता हे पत्र पाठवायचं कुठं? भोरच्या त्या खोल्यांत दुसरंच कोणी राहतं. गिऱ्हाईक यायची वेळ झाली, शटर वर करायला हवं. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. परत निघताना आईनं खुर्ची गोठ्यामागं थांबवायला लावली, वाकली, आणि त्या शिंपल्यांतला एक उचलून कनवटीला खोचला. मी अजून जागा नीट पाहून घेतली नव्हती, मोबाईलवर फोटोसुद्धा काढला नव्हता. मला दिसत होतं. थांब म्हणायला मी तोंडही उघडलं होतं. पण मी काही बोलले नाही, बाई. तुमच्या शिस्तीप्रमाणं तो शिंपला तिथंच मुका झाला असेल. आई मात्र नव्या गावठाणात पोहोचेपर्यंत मामाबद्दल बोलत होती.